ओढलं की ओढणारं योक : घरच्या कॉकपिटबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी आमच्या कोल्हापूरच्या घरात, सोप्यात बांधलेल्या अर्ध्या विमानाबद्दल लिहिलं होतं. अर्धं अशासाठी, की त्याला पंख, शेपटी, इंजिन काही नाही. सेस्ना १७२ या लहान विमानाच्या कॉकपिटची डावी बाजू तेवढी आहे, प्लायवूडची, आणि समोर जुना टीव्ही. त्या लेखात एक वाक्य मी ओझरतं लिहून गेले होते : ‘माझं योक हातात ओढ देतं.’ (योक म्हणजे वैमानिकाच्या हातातलं, विमान वर-खाली आणि डावी-उजवीकडं न्यायचं हँडल.) बाकीच्या चार पानांबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही, सगळी पत्रं त्या एका वाक्यावर. तेव्हा हा महिना ओढीचा, म्हणजे मोटरनं हाताला उलटा जोर देण्याचा. इंग्रजीत त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात.

आधी एक खुलासा. मी पायलट नाही. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये सव्वीस वर्षं मुलांनी जाळलेले ट्रान्झिस्टर मोजले, आणि निवृत्तीनंतर एकदा एका प्रशिक्षण संस्थेत शिक्षकांशेजारी बसून अर्धा तास सेस्ना हातात धरलं. खाली लिहिते आहे ते त्या अर्ध्या तासाच्या आणि नंतरच्या तीन वर्षांच्या खटपटीच्या जोरावर.

प्रश्न : माझ्याकडे स्प्रिंगची साधी जॉयस्टिक आहे. संगणकावर सेस्ना उडवतो, पण उतरताना नाक सतत वर-खाली होतं. फोर्स फीडबॅकनं हे सुधारेल, की तो नुसता थाट आहे? (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

तुमची जॉयस्टिक सोडून दिली की ती कुठं जाते? बरोबर मध्ये. दर वेळी, कुठल्याही वेगाला, तिथंच. खऱ्या सेस्नात असा कायमचा ‘मध्य’ नसतोच. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा शेपटीचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणाऱ्या फळ्या) स्वतःच्या वजनानं खाली लोंबतात आणि योक पुढं जाऊन पडलेलं असतं. (योक या शब्दाचा मूळ अर्थ जू. बैलाच्या मानेवरचं तेच. आमच्या शेजारच्या काकांना हे सांगितल्यापासून ते माझ्या कॉकपिटला ‘गोठा’ म्हणतात.) विमान पळायला लागलं, शेपटीवर वारा आला, की योकमध्ये जीव येतो. हा जीव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उतरताना साधारण ६५ नॉट, सरळ उडताना ११० नॉट धरा (नॉट हे विमानाचा वेग मोजायचं माप). वेग दुप्पटसुद्धा झाला नाही, पण योक तेवढंच हलवायला जवळजवळ तिप्पट जोर लागेल. म्हणून खऱ्या विमानात वेग कमी होत चालल्याचं डोळ्यांआधी हाताला कळतं, कारण योक मऊ पडत जातं.

पण तुमच्या दुखण्याचं मूळ याच्याही पुढं आहे, आणि त्याचं नाव ट्रिम. त्या अर्ध्या तासात शिक्षकांनी मला नाक वर धरायला लावलं. मिनिटाभरात मनगट भरून आलं. मग ते म्हणाले, “आता हात हलवू नका, फक्त ते चाक फिरवा.” गुडघ्याजवळचं ट्रिमचं चाक मी फिरवत गेले आणि हातातलं ओझं विरघळत गेलं. योक तसूभर हललं नाही, नाक जिथल्या तिथं, फक्त वजन गेलं. शेवटी दोन बोटं पुरली. ट्रिम म्हणजे एवढंच : योकचा ‘मध्य’ उचलून तुमच्या हाताखाली आणून ठेवणं.

आता हेच तुमच्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर करून बघा. तुम्ही ती मागं ओढून धरली आहे. ट्रिम फिरवलं. संगणकातलं विमान ट्रिम झालं, पण स्प्रिंगला त्याची खबर नाही, ती ओढतेच आहे. म्हणून ट्रिम जेवढं फिरेल तेवढा हात तुम्हाला अंदाजानं पुढं सोडावा लागतो. थोडं जास्त सोडलं की नाक खाली, कमी सोडलं की वर. तुमचं नाक वर-खाली होतंय ते यानं. तुमच्या हाताचा दोष यात कमी, स्प्रिंगचा जास्त.

उतरण्याचंच उदाहरण घ्या. सेस्नाचे पंख डोक्यावर असतात. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या फळ्या) सोडले की या विमानाचं नाक वर उठायला बघतं आणि योक पुढं दाबावं लागतं. समजा पूर्ण फ्लॅप, नाक वरच्या बाजूला ट्रिम, आणि ऐन वेळी धावपट्टीवर कुत्रं आलं म्हणून पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जायचं. त्या क्षणी नाक असं उसळतं की योक चांगलं ताकदीनं पुढं रेटावं लागतं. नाही रेटलं तर वेग संपून स्टॉल, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान खाली कोसळू लागणं. प्रशिक्षणात याचा वेगळा सराव करून घेतात. स्प्रिंगच्या काठीवर हा सगळा प्रसंग बोटभर हालचालीत संपतो आणि आपल्याला वाटतं, जमलं.

माझं लँडिंग सुधारलं का? हो. पण त्याआधी महिनाभर बिघडलं, कारण हातातलं ओझं ही माहिती आहे हे हाताला शिकायला तेवढा वेळ लागला.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भंगारातून मारुतीच्या दोन वायपर मोटरी आणल्या. टॉर्क (फिरवायचा जोर) भरपूर आहे. पण योकला जोडल्यावर योक हातानं हलतच नाही, भिंतीला हात लावल्यासारखं वाटतं. काय चुकलं? (सांगली)

काही चुकलं नाही, तुम्ही माझ्याच वाटेनं चालला आहात. माझ्याही पहिल्या योकला वायपर मोटरच होती.

वायपर मोटर उघडा. आत वर्म गिअर दिसेल. वर्म दाताच्या चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला फिरवू शकत नाही. गाडीला ते हवंच असतं, नाहीतर हायवेला वाऱ्यानं वायपर आपोआप वर चढतील. आपल्याला नेमकं उलटं पाहिजे. मोटरनं हाताला ढकललं पाहिजे आणि हातानंही मोटरला ढकलता आलं पाहिजे. दुकानात कुठलीही मोटर घेताना एकच परीक्षा : वीज न देता आस हातानं फिरवा. लोण्यासारखी फिरली तर घ्या. कुरकुरली तर ठेवा खाली, फुकट मिळत असली तरी.

मी शेवटी बंद पडलेल्या हॉव्हरबोर्डची, म्हणजे उभं राहून चालवायच्या विजेच्या फळीची, चाकं घेतली. त्या चाकातच मोटर असते, गिअर नसतो. बाहेरचा घेर फिरतो आणि आस स्थिर असते, म्हणून टायर काढून आस शिकंज्यात पकडायची आणि फिरणाऱ्या तोंडावर पुली बसवायची. पुली मी उद्यमनगरात लेथवर करून घेतली. कारागिरानं विचारलं, “कशाला?” मी म्हटलं, “विमानाला.” त्यांनी दोनदा माप घेतलं.

आता हिशेब. अशा मोटरला एका अँपिअरला साधारण अर्धा न्यूटन-मीटर मिळतो. मी मर्यादा ४ अँपिअरवर ठेवली आहे, म्हणजे २ न्यूटन-मीटर. पुलीची त्रिज्या ३ सेंटिमीटर. २ भागिले ०.०३ म्हणजे ६६ न्यूटन, हाताच्या भाषेत पावणेसात किलो. हे कमी वाटेल. लहान विमानांच्या जुन्या अमेरिकन प्रमाणन नियमात क्षणभरासाठी दोन्ही हातांनी ७५ पौंड, म्हणजे ३४ किलो जोर चालत असे. पण तोच नियम म्हणायचा की बराच वेळ धरून ठेवायचा जोर १० पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या वर नको. रोजचं उडणं या दुसऱ्या आकड्याच्या आत असतं. पावणेसात किलो पुष्कळ झाले. टेबलही उखडत नाही.

योक मागं-पुढं सरकवायला बेल्ट घ्या, दातेरी टायमिंग बेल्ट. साखळी घेऊ नका, गिअर घेऊ नका. दोन्हींत प्ले (ढिलेपणा) असतो आणि ट्रिम केलेल्या जागी नेमका तो हाताला लागतो. योकचा दांडा लिनिअर बेअरिंगवर. स्वस्त ड्रॉवर चॅनेलवर मी आधी केलं होतं. ते कपाटालाच शोभतात.

एक खड्डा सांगून ठेवते. या मोटरीत चुंबक ओळखणारे हॉल सेन्सर असतातच, मग मोटर किती फिरली हे मोजणारा वेगळा एन्कोडर कशाला, असं वाटेल. चुंबकांच्या १५ जोड्या आणि प्रत्येकी ६ पायऱ्या, म्हणजे एका फेऱ्यात ९० पायऱ्या. ३ सेंटिमीटरच्या पुलीवर एक पायरी दोन मिलिमीटरची होते. योक जिना चढल्यासारखं वाटतं. फिरणाऱ्या बाजूच्या मधोमध छोटं चुंबक आणि समोर चुंबकीय एन्कोडर लावला की फेऱ्याला ४०९६ पायऱ्या. माझ्या योकची पूर्ण चाल १६ सेंटिमीटर आहे, पुलीचा घेर पावणेएकोणीस. म्हणजे पूर्ण चाल एका फेऱ्याच्या आत बसते आणि चालू करताना योक कुठं आहे हे शोधत बसावं लागत नाही. हे मी ठरवून केलं असं सांगायला आवडलं असतं. योगायोग होता.

हॉव्हरबोर्डला दोन चाकं असतात. दुसरं एलेरॉनला, म्हणजे योक स्टिअरिंगसारखं फिरवून विमान कलवायला, साधारण एकास तीनच्या बेल्टवर. पायाच्या रडरला (शेपटीच्या सुकाणूला) आत्ता मोटर लावू नका, साध्या स्प्रिंगवर चालतं. सगळं एकदम करायला घेतलेली कॉकपिटं मी पाहिली आहेत, ती अजून करायलाच घेतलेली आहेत.

आणि पहिल्यांदा वीज द्याल तेव्हा योकच्या वाटेत हात ठेवू नका. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक वजाचं चिन्ह उलटं पडलं होतं. मध्याकडं खेचायच्या ऐवजी मोटर मध्यापासून पळाली आणि योकनं माझा अंगठा प्लायला चेपला. नख काळं होऊन गेलं आणि नवं यायला पावसाळा संपला. तेव्हापासून नियम : पहिली चाचणी १ अँपिअरला, दोन्ही टोकांना रबराचे ठोकळे, आणि गुडघ्याला लागेल अशा जागी लाल छत्रीचं बंद करायचं बटण. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साइडवाइंडर फोर्स फीडबॅक स्टिकच्या मुठीत एक सेन्सर असे, हात असेल तरच जोर यायचा. ती कल्पना मी उचलली आहे. योकच्या शिंगात इन्फ्रारेड सेन्सर बसवला आहे. हात काढला की जोर बंद.

प्रश्न : मॅडम, माझं योक तापानं फणफणल्यासारखं थरथरतं. प्रोग्रॅम असा : सिम्युलेटरमधून सेकंदाला ४० वेळा माहिती घेतो, जोर काढतो, मोटरला पाठवतो. मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, कोड तपासला, चूक नाही. (हिंजवडी, पुणे)

कोड बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या जागी बसला आहे.

तुम्ही हात हलवता. ती बातमी सिम्युलेटरला जाते, चित्र काढता काढता तो उत्तर देतो, ते मोटरपर्यंत येतं. तोवर हात पुढं गेलेला असतो. मोटर जुन्या जागेसाठी ढकलते, हात दचकून परततो, मोटर पुन्हा जुन्याच जागेसाठी उलटं ढकलते. दोघं एकमेकांना चुकवत राहतात. हीच थरथर.

स्प्रिंग संगणकात ठेवायचीच नाही. ती मोटरच्या कंट्रोलरमध्ये, सेकंदाला हजार वेळा चालली पाहिजे. संगणकानं वरून दोनच गोष्टी सांगायच्या : आत्ता मध्य कुठं आहे (ट्रिम) आणि स्प्रिंग किती ताठ आहे (वेगाचा वर्ग). या दोन्ही सावकाश बदलतात, सेकंदाला ४० वेळा काय, २० वेळा कळल्या तरी भागतं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमधून हे आकडे सिमकनेक्टमधून मिळतात, एक्स-प्लेनमध्ये डेटारेफ वाचायचे. शिवाय हालचालीच्या वेगाला विरोध करणारं थोडं डॅम्पिंग कंट्रोलरमध्येच घाला. फार घातलंत तर काकवीत चमचा ढवळल्यासारखं होईल.

स्टॉलआधीचा हादरा तेवढा संगणकाकडून मागा. पण तोही ‘आता सुरू कर’ एवढाच निरोप. थरथर कंट्रोलरनं स्वतः करायची. म्हणजे तुम्हाला सध्या फुकट मिळतेय ती योग्य जागी वापरा.

प्रश्न : ताई, आमच्या वन बीएचकेमध्ये मिस्टरांनी तुमचा लेख वाचून प्लायवूड आणलं आहे. रात्री अकरानंतर ते ‘उडतात’ आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते. हे किती वाढणार आहे? (डोंबिवली)

वाढायचं म्हटलं तर त्याला अंत नाही, पण आवरायचं म्हटलं तर आवरतं. सेस्ना १७२ ची केबिनच जेमतेम मीटरभर रुंद असते. एकट्या डाव्या बाजूला सत्तर सेंटिमीटर पुरतात. सांगा त्यांना, खाली चार चाकं आणि दिवसा भिंतीकडं तोंड. उजवी सीट करायला घेतली तर मात्र मला पत्र टाका, मी बोलते त्यांच्याशी.

आवाजाचं बघू. तो शिट्टीसारखा असेल तर मोटरला वीज तुकड्या-तुकड्यांनी देण्याचा तो आवाज आहे. अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर काही न बदलता हे तुकडे सेकंदाला ४९० पडतात, पेटीवरच्या पांढरी सातच्या जवळपास. २० हजारांच्या वर नेले की माणसाला ऐकू येत नाहीत. आवाज धपधप असेल तर तो टोकाच्या ठोक्यांचा. मोकळा प्लायचा खोका डग्ग्यासारखा घुमतो आणि खालच्यांच्या छताला सांगतो. आत जुनी सतरंजी कोंबा, पायाखाली जाड रबराचे तुकडे द्या. अकरानंतर जोर निम्म्यावर आणायचं बटण माझ्याकडं आहे. ते नवऱ्याच्या सांगण्यावरून बसवलं आहे, तेव्हा तुमचं दुःख मला दुसऱ्या बाजूनं माहीत आहे.

प्रश्न : एअरबस ए३२० च्या साइडस्टिकला फोर्स फीडबॅक कसा द्यावा? (छत्रपती संभाजीनगर)

देऊ नका. खऱ्या ए३२० मध्येही तो नाही. १९८८ पासून प्रवासी सेवेत असलेल्या या विमानात काठी आणि पंख यांच्यामध्ये फक्त तारांतून जाणारा संदेश असतो. काठीला स्प्रिंग असते आणि ती वाऱ्याबद्दल काही सांगत नाही. सरळ उडताना ट्रिमही विमान स्वतःच करतं. चांगली स्प्रिंग आणि बरं डॅम्पिंग दिलंत की तुमची काठी माझ्या योकपेक्षा खरी. वाचलेल्या पैशात थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) करा.

प्रश्न : माझे पॉवरलूम आहेत, मोटरची भीती नाही. पण योक झटक्यात ओढलं की २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बंद पडतो. मोठा घेतला, तोही पडतो. शिवाय आमच्याकडं लाईट येते-जाते. (इचलकरंजी)

तुम्ही आणखी मोठा घ्याल, तोही पडेल. वीज कमी पडत नाही, जास्त होते आहे. योक झटक्यानं ओढता तेव्हा तुमचा हात मोटर फिरवतो, आणि फिरवलेली मोटर जनरेटर होते. ती वीज उलटी एसएमपीएसकडं जाते. त्याला द्यायचं माहीत असतं, घ्यायचं नाही. व्होल्टेज चढतं आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. उपाय ब्रेक रेझिस्टर. व्होल्टेज ठरावीक रेषेच्या वर गेलं की कंट्रोलर जादा वीज त्यात जाळतो. माझा २ ओहम, ५० वॅटचा आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसलेला. ओड्राइव्हसारख्या कंट्रोलरला त्याची सोय असते. स्वस्त मोटर ड्रायव्हरला नसते, तिथं वेगळं सर्किट करावं लागतं. प्लायला चिकटवून लावू नका, तापतो.

लाईटचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. लाईट गेली की योक मरून पडतं, त्यात धोका नाही. धोका ती परत येते तेव्हा. तुमच्या लूमच्या स्टार्टरला कसं, लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही? अगदी तसंच इथं करा. संगणक यूपीएसवर ठेवा, मोटरचा पुरवठा स्टार्टरमागून द्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा लाईट आली तेव्हा योकवर आमची मांजर झोपली होती. मांजर ठीक आहे. सोप्यात येत नाही आता.

प्रश्न : मुलाला पायलट व्हायचं आहे. घरी असं कॉकपिट केलं तर ते तास लायसन्ससाठी धरतात का? (पालक, लातूर)

नाही. एक मिनिटही नाही. कमर्शिअल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि सिम्युलेटरचे जे थोडे तास धरतात ते डीजीसीएनं (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं) मान्यता दिलेल्या यंत्रावरचे. घरचं कॉकपिट चेकलिस्ट पाठ करायला, रेडिओवर काय बोलायचं त्याची सवय व्हायला आणि ट्रिम समजायला उपयोगी. ‘तास वाचतील’ म्हणून कुणी तुम्हाला तयार कॉकपिट विकत असेल तर चहा पाजून निरोप द्या.

प्रश्न : आजी, मी आठवीत आहे. माझ्याकडे मोटर घ्यायला पैसे नाहीत. बाबांचा जुना संगणक आहे आणि सुतारकाम येतं. मला काय करता येईल? (बार्शी)

तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण उत्तर मोठं आहे.

आधी एक गोष्ट ऐक. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे. तिथं एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो करायचा कारखाना होता. एडविनला विमान शिकायचं होतं, पण तास महाग. मग त्यानं कारखान्यातलेच भाते, झडपा आणि नळ्या घेऊन १९२९ मध्ये एक लाकडी विमान केलं. भात्यात हवा भरली की ते एका बाजूला कलायचं, काढली की दुसऱ्या. आपल्या पेटीला असतो तसलाच भाता, फक्त मोठा. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून सोडून दिलं. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याकडं हवाई टपालाचं काम आलं. ढगात, अंधारात उडायची सवय नसलेले वैमानिक अपघातात गेले, तेव्हा सैन्यानं लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्याच निळ्या खोक्यात बसून शिकले. संगणक नाही, टीव्ही नाही. तुझ्याकडं त्याच्याहून जास्त आहे.

आता तुझं योक. मोटरशिवाय ट्रिम करता येतं. काही ग्लायडरमध्येही ट्रिम नुसत्या स्प्रिंगचंच असतं. स्प्रिंगचं एक टोक योकच्या दांड्याला बांध. दुसरं टोक लाकडाला ठोकू नकोस, इथंच सगळे चुकतात. ते एका नटाला बांध, आणि तो नट आटे असलेल्या लांब रॉडवर चढव. हार्डवेअरच्या दुकानात मीटरभर रॉड मिळतो. रॉडच्या टोकाला बाटलीच्या झाकणाचं चाक लाव. नट रॉडबरोबर गरगर फिरू नये म्हणून त्याला लाकडी खाचेत बसव. चाक फिरवलंस की नट सरकेल, नटाबरोबर स्प्रिंगचं टोक आणि स्प्रिंगबरोबर योकचा मध्य. दोन स्प्रिंगा घे, एक पुढून, एक मागून, दोन्ही त्याच एका सरकणाऱ्या चौकटीला बांधलेल्या. सायकलची जुनी ट्यूब कापून पट्ट्या केल्यास तरी चालेल. त्या महिन्या-दोन महिन्यांनी सैल पडतात, तेव्हा बदलायच्या.

योक कुठं आहे हे संगणकाला कळायला दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजाच्या बटणामागं असतो तो) आणि यूएसबीवर जॉयस्टिक म्हणून ओळख देणारं छोटं बोर्ड लागतं, अर्डुइनो लिओनार्दो किंवा त्याचा धाकटा भाऊ प्रो मायक्रो. एवढा एकच खर्च बाबांकडं माग. सिम्युलेटरमधल्या ट्रिमला मात्र हात लावू नकोस, मध्येच राहू दे. तुझं ट्रिम खरोखरचं आहे, त्याला पडद्यावरचं जोडलंस तर दोन ट्रिम भांडतील. वेग वाढला की योक जड होणं यात येणार नाही. ते पुढं, नोकरी लागल्यावर.

आणि आता गंमत. सेस्ना १७२ ला स्टॉलची सूचना द्यायला वीज लागत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. विमान फार मंद आणि फार नाक वर करून उडायला लागलं, की त्या भोकाशी हवेचा दाब घटतो, ते आतून हवा शोषतं, आणि नळीत बसवलेली एक पत्ती वाजते. पेटीत असते तशी पत्ती. लहान विमानांचे पायलट तपासणी करताना त्या भोकाला रुमाल लावून तोंडानं हवा ओढतात आणि वाजते का बघतात. मी हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

तुमच्या गावात पेटी दुरुस्त करणारे कुणी असतील. त्यांच्याकडं मोडक्या पेटीतली एखादी सुटी पत्ती माग. पितळी तुकडा असतो, त्यात लवलवणारी जीभ. वीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तोंडात ती मेणानं नीट हवाबंद बसव आणि दुसऱ्या टोकानं हवा ओढ. नाही वाजली तर पत्ती उलटी कर. ती एकाच बाजूनं बोलते, आणि बोलायला लागली की पाइप कॉकपिटच्या डाव्या बाजूला बांधून टाक. वेग ५० नॉटच्या आसपास आला आणि नाक वर असलं की तूच ओढायचं, किंवा धाकटं भावंड असेल तर त्याला को-पायलट कर.

माझी पत्ती काळी चारची निघाली. तुझी कुठल्या स्वरात वाजते ते कळव.